मैदान आखणारे हात

१५ जानेवारी हा पैलवान खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली तो ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून जाहीर केला. निर्णय उचितच होता. मात्र त्याला लागलेला विलंब पाहता आनंदाबरोबर थोडी खंतही वाटावी. कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या या सुपुत्राने २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचे दुसरे वैयक्तिक पदक पाहण्यासाठी देशाला १९९६ साल उजाडेपर्यंत, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे, वाट पाहावी लागली. एवढ्या एका गोष्टीवरून खाशाबांच्या पराक्रमाचे मोल कळावे. परंतु राज्याचा छत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९२-९३ साली आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा. खाशाबा मात्र १९८४ च्या ऑगस्टमध्येच अपघातात गेले होते. दोन्ही सन्मान मरणोत्तर.

आणि तरीही खाशाबांचा सत्कार झाला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. हेलसिंकीहून ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. काही मिनिटांची वाट चालायला कित्येक तास लागले, असे त्या दिवसाचे वर्णन केले जाते. त्या मिरवणुकीला शासकीय निर्णय लागला नाही, निवड समिती लागली नाही, निमंत्रणपत्रिकाही लागली नाही. समाजाला कृतज्ञता वाटली आणि समाजाने ती व्यक्त केली. शासनाला जे करायला चाळीस वर्षे लागली, ते पंचक्रोशीने चाळीस घटकांत केले.

खाशाबांच्या कथेतील आणखी एक नाव मात्र मिरवणुकीच्या वर्णनात हरवून जाते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांचा खर्च उचलला होता. १९५२ साली संस्थाने उरली नव्हती आणि सरकारची थैली उघडत नव्हती. गावाने वर्गणी काढली, ती पुरली नाही. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी काय करावे? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांतून पैसा उभा केला आणि आपल्या प्राचार्यांचे घर सोडवून दिले. या व्यवहारात शिष्याचे मोठेपण आहे, तितकेच गुरूचेही आहे. पण क्रीडा पुरस्कारांच्या कोणत्या रकान्यात खर्डेकरांना बसवायचे? ते खेळाडू नव्हते. कुस्तीतील डावपेच शिकविणारे वस्तादही नव्हते. कोणत्या संघटनेचे अध्यक्षही नव्हते. त्यांनी फक्त स्वतःचे घर पणाला लावले. ते नसते तर भारताच्या पदकतालिकेत १९५२ सालापुढे हॉकीचे तेवढे एकच पदक राहिले असते.

दरवर्षी राज्यात, विभागात, जिल्ह्यात क्रीडा पुरस्कारांचे जे सोहळे होतात, त्यांच्याकडे पाहताना हा खर्डेकरांचा प्रश्न मनात ठेवावा लागतो. पुरस्कार खेळाडूचा होतो. तो व्हायलाच हवा. पण त्या खेळाडूच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसांची ओळख पटविण्याची आपली रीत काय आहे?

महाराष्ट्रात शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांना १९६९-७० पासून प्रारंभ झाला. केंद्राचा अर्जुन पुरस्कार १९६१ चा. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार तर १९८५ पासूनचा. म्हणजे क्रीडाक्षेत्राची दखल घेण्याच्या बाबतीत हे राज्य मागे राहिले नाही. खेळाडू, मार्गदर्शक, महिलांना मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी राजमाता जिजाऊंच्या नावाचा पुरस्कार, साहसी क्रीडाप्रकार, दिव्यांग खेळाडू, जीवनगौरव अशी त्याची वाढ होत गेली. संघटक आणि कार्यकर्ते यांच्यासाठीही त्यात अनेक वर्षे स्वतंत्र वर्ग होता, ही त्याची विशेष जमेची बाजू. नावही असे, की ते घेताना मान ताठ व्हावी. घरच्या भिंतीवर शिवरायांची प्रतिमा आणि तिच्याखाली शिवछत्रपती पुरस्काराचे सन्मानपत्र, हे दृश्य मराठी खेळाडूच्या मनात लहानपणापासून असते.

परंतु नावाच्या उंचीला साजेसा कारभार सदैव झाला असे म्हणवत नाही. २८ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सोहळा झाला, तो २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ अशा तीन वर्षांच्या पुरस्कारांचा. मधल्या काळात कोरोनाची साथ होती, हे मान्य केले पाहिजे. त्या दिवसांत मैदानेच ओस पडली होती. पण त्यानंतरचे २०२२-२३ आणि २०२३-२४ चे पुरस्कारही एप्रिल २०२५ मध्ये एकत्रच दिले गेले. साथ सरली, सवय मात्र राहिली. पुरस्कार साचवून ठेवायचे आणि मोठ्या मांडवात एकदम वाटायचे, हा शासकीय सोयीचा मार्ग असेल. खेळाडूच्या दृष्टीने तो घातक आहे. खेळाडूचे वय चारित्र्यासारखे टिकत नाही. जिम्नॅस्टिक्सच्या वा जलतरणाच्या मुलीला अठराव्या वर्षी मिळालेला सन्मान पुढच्या चार वर्षांच्या मेहनतीचे इंधन होतो. तोच बाविसाव्या वर्षी मिळाला तर एव्हाना तिने खेळ सोडलेला असतो आणि सन्मानपत्र स्वीकारायला ती नोकरीतून एक दिवसाची रजा काढून येते.

या बाबतीत केवळ राज्याला बोल लावून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. मुष्टियुद्ध सुटले, पण लढणे सुटले नाही. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक पटकावले. भारतासाठी पॅरालिम्पिकचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्काराच्या यादीत नाव आले ते २०२४ च्या, तेही जीवनगौरव म्हणून, आणि त्याच वर्षी त्यांच्या आयुष्यावरील चित्रपट झळकल्यावर. बावन्न वर्षांनी! पेटकरांनी तो स्वीकारला, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या मनाचा मोठेपणा असा, की कडवटपणाचा लवलेश त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. पण म्हणून व्यवस्थेने निर्धास्त राहावे असे नाही.

विलंबाखालोखाल दुसरी अडचण अर्जाची. आपल्याकडे पुरस्कार मिळतो तो मागितल्यावर. खेळाडूने विहित नमुन्यात अर्ज करायचा, प्रमाणपत्रे जोडायची, संघटनेची शिफारस मिळवायची, गुणांकनाच्या तक्त्यात आपली कामगिरी बसवायची. पारदर्शकतेसाठी काही पद्धत हवी, हे खरेच. हवे त्याला हवा तसा पुरस्कार देण्याच्या जुन्या मनमानीपेक्षा गुणांकन केव्हाही बरे. तथापि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरे घडविली, त्या तालमीतल्या सत्तरीच्या वस्तादाने संगणकासमोर बसून ‘मी पुरस्कारास पात्र आहे’ असे लिहावे, ही कल्पनाच त्याच्या संस्काराला सोसत नाही. तो अर्ज करत नाही. आणि अर्ज न केलेल्यांची यादी शासनाकडे नसते. परिणामी जे अर्ज करण्यात वाकबगार असतात, त्यांचा मार्ग मोकळा होतो. मागून मिळतो तो सन्मान की मदत, याचा विचार एकदा स्वस्थपणे व्हायला हवा. निवड समितीने स्वतः गावोगाव शोध घ्यावा, एखाद्या शाळेने, ग्रामसभेने, माजी विद्यार्थ्यांनी नाव सुचवावे, अशी तरतूद असणे अशक्य नाही. पद्म पुरस्कारांसाठी आज कोणताही नागरिक कोणाचेही नाव सुचवू शकतो. त्यामुळेच गेल्या काही वर्षांत त्या यादीत अनवाणी चालणारी माणसे दिसू लागली. क्रीडा पुरस्कारांनी तेवढा धडा घ्यायला हरकत नाही.

सांघिक खेळांची कथा निराळी. कबड्डी आणि खो-खो हे या मातीतले खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी युरोपियनांसमोर कबड्डी खेळून दाखविली. ही परंपरा मोठी. परंतु सन्मानाच्या तराजूत सांघिक खेळाडूचे पारडे नेहमी हलके ठरते; कारण विजय सात जणांचा वा नऊ जणांचा असतो आणि सन्मानपत्रावर नाव एकाचेच मावते. धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्ण जिंकले. तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोच्या वाट्याला हा मान बावीस वर्षांनी आला होता. बावीस वर्षांत या देशात खो-खो खेळणारे कोणी नव्हते काय? होते. धाराशिव, सांगली, ठाणे, सोलापूरकडील वेळापूर, पुणे अशा ठिकाणी पहाटे मैदानावर पाटी घालणाऱ्या, खांब मारणाऱ्या, मुद्रेवर धूळ घेऊन शाळेत जाणाऱ्या मुली होत्या. त्यांच्याकडे पाहणारे डोळे नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. दोन्ही संघांचे नेतृत्व मराठी माणसांकडे होते. पुरुषांचे प्रतीक वाईकर, महिलांच्या प्रियांका इंगळे. त्या रात्री दूरचित्रवाणीवर जो जल्लोष दिसला, त्याचा उगम कोणत्या मैदानांत आहे हे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला काही कार्यकर्ते नक्कीच समोर येतील. मात्र ते व्यासपीठावर नसतील, प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत असतील.

मार्गदर्शकांच्या बाबतीत परिस्थिती थोडी सुधारली आहे, पण तीत एक जुना दोष राहून गेला आहे. ज्याच्या हाताखाली खेळाडू असताना पदक मिळते, त्याचे नाव पुढे येते. ज्याने त्या खेळाडूला पहिल्यांदा धनुष्य धरायला शिकविले, तो मागे राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे जेतेपद मिळविले. दोघांचा सराव साताऱ्यात चालत असे, तोही वातानुकूलित प्रबोधिनीत नव्हे, तर उसाच्या शेतालगत उभारलेल्या साध्या मैदानावर. शिकविणारे प्रवीण सावंत पोलिस दलातील शिपाई. दिवसाची ड्युटी सांभाळून मुलांना घडविणारा पोलिस शिपाई आणि त्याच्या हाताखाली दोन विश्वविजेते, ही गोष्ट परदेशात घडली असती तर आपण तिचे व्याख्यान ऐकायला पैसे मोजले असते.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत ही आदिवासी पाड्यावरची मुलगी. पाण्यासाठी चालण्या-धावण्यात तिचे बालपण गेले. तिला पळताना पाहून तिच्यातील धावपटू ओळखणारा प्रशिक्षक विजेंद्र सिंग. नाशिकच्या भोसला सैनिकी विद्यालयाच्या मैदानावर त्यांनी तिच्यासह कितीतरी मुलामुलींना तयार केले. २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कविताने कांस्य मिळविले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. दुष्काळी भागातून आलेली ही मुलगी आधी खो-खो खेळत होती. कोणत्या शिक्षकाने तिला खो-खोच्या पाटीवरून धावपट्टीकडे वळविले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रामीण क्रीडाक्षेत्रातला खरा निर्णय असाच होतो, शाळेच्या मैदानावर, एखाद्या मास्तरांच्या नजरेने. नजर पारखी असेल तर पोरगी ऑलिम्पिकला जाते. नसेल तर ती दहावीनंतर कामाला लागते.

शासनाने अलीकडे काही पदके मिळताच प्रशिक्षकालाही रोख रक्कम देण्याचा पायंडा पाडला आहे, तो स्वागतार्ह. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी नेमबाजीत कांस्य मिळविले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. गुरु-शिष्यांचा गौरव एकाच वर्षात व्हावा, हेच अपेक्षित असते. पण हे अपवादाने न घडता नियमाने घडायला हवे, आणि शिखरावरच्या गुरूइतकाच पायथ्याच्या गुरूचाही हिशेब ठेवायला हवा. शिष्याने अर्जात ‘माझे पहिले मार्गदर्शक’ असा एक रकाना भरावा आणि त्या रकान्यातील माणसाला सोहळ्याला बोलावून पहिल्या रांगेत बसवावे. यासाठी तिजोरीतून फारसे काही जाणार नाही.

आता संघटक आणि कार्यकर्ता. हा विषय जरा थांबून पाहण्याजोगा आहे, कारण क्रीडाक्षेत्राच्या बाहेरच्या माणसाला त्याची कल्पनाच नसते. तालुक्याच्या गावी कबड्डीची स्पर्धा व्हायची असते. सामने संध्याकाळी सुरू होतात. पण तयारी महिनाभर चालते. वर्गणी गोळा करायची, परवानगी काढायची, संघांना पत्रे धाडायची, मैदानातले खडे वेचायचे, पाणी मारायचे, चाळलेली माती टाकायची, चुन्याच्या फक्कीने रेषा आखायच्या. पंचांची सोय, गुणलेखकाची खुर्ची, दिव्यांचे खांब, वीज गेलीच तर जनरेटर. बाहेरगावच्या मुलींच्या संघाची उतरण्याची व्यवस्था शाळेच्या वर्गात करायची आणि रात्री त्या वर्गाबाहेर गावातल्या दोन वयस्कर बायकांना झोपायला सांगायचे. जेवणाचा स्वयंपाक. कोणाचा गुडघा दुखावला तर डॉक्टरांकडे नेण्यासाठी गाडी. स्पर्धा संपली की खुर्च्या मोजून परत द्यायच्या आणि ज्या तीन खुर्च्या मोडल्या त्यांचे पैसे खिशातून भरायचे. हे सगळे ज्यांनी केले त्यांची नावे आभारप्रदर्शनात येतात, तीही वेळ उरला तर. पहाटे चारला मैदान झाडणारा तो माणूस पुढल्या वर्षी पुन्हा तेथेच उभा असतो.

अशा माणसांतूनच कधीतरी शंकरराव उर्फ बुवा साळवी उभे राहतात. कबड्डीच्या नियमांना एकसूत्रीपणा यावा, हा खेळ देशभर आणि देशाबाहेर जावा, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रदर्शन झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला तिला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले, त्यामागे ज्या पिढीची तपश्चर्या होती तिचे बुवा अग्रणी. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. ज्याची कीर्ती चढायांवर वा पकडींवर उभी नाही अशा माणसाच्या जन्मदिवशी खेळाडू एकत्र येतात, ही फार बोलकी गोष्ट आहे. खेळाडूंना ठाऊक असते की मैदान कोणी आखले.

दादरच्या शिवाजी पार्कवरील समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांची गोष्टही याच जातीची. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला पुनर्जीवन दिले, तो मल्लखांब देशपांड्यांनी मुंबईतल्या मध्यमवर्गीय मुलांपर्यंत, अंध मुलांपर्यंत आणि परदेशी तरुण-तरुणींपर्यंत पोहोचविला. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा त्याच शिवाजी पार्कवर भरली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कित्येकांना प्रथमच कळले की हे काम आयुष्यभर, विनामोबदला, संध्याकाळ-संध्याकाळ करून चालले होते. प्रसिद्धिपराङ्मुख कार्यकर्ता हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्याचा अर्थ पाहायचा असेल तर अशा व्यायामशाळेत तासभर बसावे.

या मापाने मोजले असता संघटकांसाठीच्या पुरस्कारांचा आजवरचा अनुभव मात्र संमिश्र म्हणावा लागेल. क्रीडा संघटनांच्या अध्यक्षपदी राजकीय पुढारी असणे ही या राज्यातील जुनी रीत. काहींनी खेळाला खरोखर हात दिला, हेही खरे. सरकारदरबारी फाइल हलवायला वजनदार माणूस लागतो. पण संघटक म्हणजे लेटरहेडवर नाव असलेला माणूस, असा अर्थ रूढ झाला की सन्मानाचा ओघ आपोआप त्या दिशेला वळतो. मग ज्याने बारा वर्षांत एकदाही फक्कीचा डबा हातात धरला नाही त्याच्या गळ्यात हार पडतो आणि मांडवाच्या मागे चहाचे कप गोळा करणारा टाळ्या वाजवतो. यावर उपाय म्हणून हा वर्गच नको, असे म्हणणारे आहेत. ते डोके दुखते म्हणून डोके उडविण्यासारखे झाले. कार्यकर्त्याचे काम गुणांच्या तक्त्यात मावत नाही, हे मान्य. पण ते गावाला दिसते. दहा-पंधरा वर्षे सलगपणे किती स्पर्धा भरविल्या, किती पंच तयार केले, मैदान टिकविले की त्यावर दुकानगाळे उभे राहू दिले, हे कोणत्याही तालुक्यात दोन तास चौकशी केल्यास समजते.

अन्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्य शासनाने २००५ साली गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले. या निर्णयामुळे कितीतरी गरीब घरांतील खेळाडूंचे आयुष्य मार्गी लागले. परंतु नोकरी मिळते म्हटल्यावर प्रमाणपत्राला किंमत आली आणि किंमत आली की बाजार आला. न खेळलेल्या स्पर्धांची, कधी न पाहिलेल्या खेळांची प्रमाणपत्रे सादर करून नोकऱ्या पटकावल्याची प्रकरणे उघडकीस आली, गुन्हे दाखल झाले. खोट्या प्रमाणपत्राने नोकरी मिळविणारा केवळ शासनाला फसवत नाही. पहाटे पाचला धावणाऱ्या एका खऱ्या मुलाची जागा तो बळकावतो. आणि अशा प्रमाणपत्रावर सही करणारा कोणीतरी ‘संघटक’ असतो, हे विसरून चालणार नाही. पुरस्कार देताना ज्या काटेकोरपणाची अपेक्षा करायची, तोच काटेकोरपणा प्रमाणपत्र देताना नको काय? उलट, स्वच्छ कारभार करणाऱ्या संघटनेचा, दडपण झुगारून खोटी सही नाकारणाऱ्या सचिवाचा जाहीर सन्मान झाला तर तो पदकाइतकाच मोलाचा ठरेल. अशी माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना आजवर मिळाले ते बहुधा शत्रूच.

राज्य पातळीवरच्या सोहळ्याविषयी वृत्तपत्रांत निदान चर्चा होते. जिल्हा क्रीडा पुरस्कारांची ती भाग्यरेषाही नाही. गुणवंत खेळाडू, गुणवंत मार्गदर्शक, दहा हजार रुपये, स्मृतिचिन्ह आणि प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय सणाच्या दिवशी ध्वजवंदन झाल्यावर पालकमंत्र्यांच्या हस्ते हा कार्यक्रम उरकला जातो. संचलन झालेले असते, ऊन चढलेले असते, मंत्रिमहोदयांना पुढच्या गावी जायचे असते. निवेदक नावे वाचतो, खेळाडू पटपट पुढे येतात, छायाचित्रकार ‘इकडे बघा’ म्हणतो, संपले. त्या मुलीने काय केले, कोणत्या स्पर्धेत, कोणाला हरवून, हे मैदानावर उभ्या असलेल्या शाळकरी मुलांना कळतच नाही. खरे तर त्या मुलांसाठीच हा सोहळा असायला हवा होता. त्यांच्यातल्या एकीला घरी जाऊन आईला सांगता आले असते, की ‘पलीकडच्या गावची ताई भाला फेकते आणि तिला आज बक्षीस मिळाले’.

यात बदल करणे अवघड नाही. एका गोष्टीपुरते बोलायचे तर, जिल्हा पुरस्कार ध्वजवंदनाच्या शेपटाला न बांधता खेळाच्या मैदानावरच, एखाद्या जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी द्यावेत. महाराष्ट्र केसरीची गदा आखाड्यातच दिली जाते. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी ती चांदीची गदा विजेता खांद्यावर घेतो तेव्हा हजारो कुस्तीशौकीन उभे असतात. तो क्षण सभागृहातल्या खुर्चीवर कधी येणार नाही. ज्यांना सन्मान द्यायचा त्यांना त्यांच्या कर्मभूमीवर तो द्यावा, एवढे शहाणपण आखाड्याने केव्हाच दाखवून दिले आहे.

दुसरे म्हणजे, हे काम केवळ शासनावर सोपवून समाजाने मोकळे होऊ नये. खाशाबांच्या बैलगाड्या कोणत्या खात्याने पाठविल्या होत्या? आज गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, ग्रामपंचायती यांच्याकडे साधने आहेत. मंडळांच्या अहवालात दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्काराला पान असते. त्याच पानावर गावातल्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसासाठी चार ओळी असू शकतात. मुंबईच्या लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डीची मंडळे लोकवर्गणीवर उभी राहिली आणि गिरण्या बंद पडल्यावरही तगली, ती कोणाच्या अनुदानावर नव्हे. वडिलांनी ज्या मंडळासाठी सामने भरविले, त्याच मंडळाचे मैदान आज मुलगा झाडतो, असे दृश्य तेथे विरळ नाही. या पिढीजात सेवेला कधी सन्मानचिन्ह मिळाले नाही. मिळावे अशी तिची मागणीही नाही; पण मागणी नाही म्हणून देणे लागत नाही, असे होत नसते.

शासनाने पुढील वर्षाच्या पुरस्कारांसाठी नियमावली काढताना दोन-तीन गोष्टी स्पष्ट लिहून टाकाव्यात. त्या वर्षीचा पुरस्कार त्या वर्षीच द्यावा आणि त्याची तारीख १५ जानेवारी ठरवून टाकावी. राज्य क्रीडा दिन कागदावर आहे, त्याला कार्यक्रमाची जोड मिळेल. मार्गदर्शकाच्या नामांकनात पायथ्याच्या गुरूला स्थान द्यावे. संघटक-कार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवावा, आणि कोणत्याही लोकप्रतिनिधीला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्या वर्गातून वगळावे. लोकप्रतिनिधींना गौरवायला मतदार समर्थ आहेत. शेवटी सोहळ्याच्या व्यासपीठावर खुर्च्या किती असाव्यात याचाही नियम व्हावा. बालेवाडीच्या त्या भल्या मोठ्या मांडवात पुरस्कारविजेते खाली आणि पाहुणे वर बसतात. एखाद्या वर्षी हे उलट करून पाहायला काय हरकत आहे?